काखेतला सूर

नवरात्रातली चौथी की पाचवी माळ होती. मुखेडच्या एका जुन्या गल्लीत, घराच्या ओसरीवर आराध्यांचा मेळा बसला होता. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मळवट, मधोमध परडी आणि शेजारी तेवता पोत. झांजा वाजत होत्या, बाया-माणसं झील धरत होती, आणि या सगळ्याच्या तळातून एक आवाज येत होता. त्याला काय म्हणावं ते कळेना. ढोलाच्या पोटातून यावा तसा घुमायचा, पण ढोल नव्हता. तार छेडल्यासारखा सुरू व्हायचा, पण छेडलेली तार अशी मधेच वर चढत नाही. हा चढायचा, उतरायचा, रुसल्यासारखा वळायचा. कुणीतरी शब्दांवाचून बोलतं आहे असं वाटायचं.

तो आवाज एका वृद्ध आराध्याच्या डाव्या काखेतून येत होता. काखेत लाकडाचं एक नळकांडं दाबलेलं, त्याच्या तोंडातून एक तात बाहेर आलेली, तिचं टोक डाव्या मुठीत आणि उजव्या हातात लाकडाचा लहानसा तुकडा. चौंडकं! लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं.

मेळा चहाला थांबला तसा मी जवळ गेलो. "बाबा, जरा हातात घेऊ का?" त्यांनी आधी चौंडकं कपाळाला लावलं, मग माझ्या हाती दिलं. मी काखेत धरलं, तात जोरात ओढली, छेडली. आवाज गुदमरल्यासारखा आला. बाबा म्हणाले, "जोर नको लावूस लेकरा. नुस्ती वढ धर. गळा वर गेला की हात आपसूक जातोय बग."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि बरेच दिवस त्याच्याशी खेळत राहिलो. त्याचा माग काढत गेलो तेव्हा वाटेत एक फ्रेंच धर्मगुरू भेटला, देवगिरीचा एक हिशेबनीस भेटला, नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधीचे तरुण चंद्रशेखर वेंकट रामन भेटले आणि नागपंचमीचा झोकाही भेटला. सगळे त्या एका ताणलेल्या तातेला धरून उभे होते.

तीन कामं, दोन हात

चौंडक्याची घडण सांगायला सोपी आहे. लाकूड पोखरून केलेलं नळकांडं, दोन्ही बाजूंनी उघडं. खालच्या तोंडावर कातडं ताणून बसवायचं, वरचं तोंड मोकळं ठेवायचं. कातड्याच्या बरोबर मधोमध बारीक भोक पाडून त्यातून तात ओवायची. खालच्या बाजूला तातेच्या टोकाशी बटणासारखी एक चकती अडकवायची, म्हणजे ओढ बसली तरी तात निसटत नाही आणि कातडं फाटत नाही. तातेचं दुसरं टोक नळकांड्याच्या पोटातून वर आणून लाकडाच्या एका मुठीला बांधायचं. झालं वाद्य. खुंटी नाही, घोडी नाही, पडदे नाहीत.

आता हे वाजवायचं म्हणजे तीन कामं एकाच वेळी करायची. नळकांडं पक्कं धरायचं, तात ओढायची आणि तात छेडायची. माणसाला हात दोन. तिसऱ्या कामासाठी आपल्या लोकांनी काख वापरली. डाव्या काखेत वाद्य दाबलं की डाव्या हाताची मूठ तात ओढायला मोकळी होते आणि उजवा हात छेडायला. पाय मोकळे राहतात, म्हणून नाचता येतं. तोंड मोकळं राहतं, म्हणून गाता येतं. मान वळवता येते, म्हणून मेळ्यातल्या सोबत्याशी नजरेने बोलता येतं. रात्रभर चालणाऱ्या, उभ्याने गायच्या, वाटेने चालत गायच्या गाण्यासाठी याहून नेटकी मांडणी सुचणं अवघड आहे.

त्यात आणखी एक गंमत आहे, ती वाद्य काखेत धरल्यावरच कळते. नळकांडं बरगड्यांना टेकलेलं असतं. प्रत्येक ठोक्याला बरगडीत एक थरथर उठते. वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर कानांनी ऐकू येतो आणि छातीतही जाणवतो. आजूबाजूला झांजा दणाणत असताना, माणसं उदो उदो करत असताना, कान भरून गेलेले असताना, छातीतली ती थरथर त्याला सुरावर ठेवायला मदत करते.

तराजूवरची सरगम

"नुस्ती वढ धर." ओढ किती धरायची याला एक नियम आहे. तो कागदावर मांडणाऱ्यांमध्ये फ्रान्समधला मारँ मर्सेन हा धर्मगुरू आणि गणिती ठळक आहे. १६३६ साली आलेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात तारेचे नियम आहेत. लांबी तीच ठेवून तार दुप्पट वेगाने थरथरायला हवी असेल, म्हणजे सूर एक सप्तक वर न्यायचा असेल, तर ताण दुप्पट करून भागत नाही. चौपट करावा लागतो. तिप्पट वेग हवा तर नऊपट. ताण वर्गाने वाढतो.

हा नियम बाजारातल्या काट्यावर मांडून पाहू. समजा, चौंडक्याच्या तातेवर एक किलोची ओढ दिली की 'सा' लागतो. तातेची लांबी तेवढीच राहते असं धरू. मग 'रे' साठी साधारण १ किलो २७० ग्रॅम ओढ लागेल. 'ग' ला १ किलो ५६० ग्रॅम, 'म' ला १ किलो ७८० ग्रॅम, 'प' ला सव्वादोन किलो. 'ध' ला पावणेतीन किलोंच्या थोडं वर, 'नी' ला साडेतीन किलो आणि वरच्या 'सा' ला पूर्ण चार किलो.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहिलं तर हाताला केवढं कळतं ते ध्यानात येतं. सा ते रे हे अंतर कानाला मोठं, तरी त्याला २७० ग्रॅमच पुरतात. नी ते वरचा सा हे अंतर कानाला इवलंसं, पण त्याला जवळजवळ ४८० ग्रॅम लागतात. म्हणजे कानाची मोजपट्टी वेगळी आणि हाताची वेगळी. वर जावं तसतशी प्रत्येक पायरी महाग होत जाते. चौंडकं वाजवणारा माणूस रात्रभर या दोन मोजपट्ट्यांचा मेळ घालत असतो. शिवाय ओढ वाढली की कातडंही थोडं वर उचललं जातं, तातेची लांबी केसभर बदलते, घामाने मूठ निसरडी होते. या सगळ्याचा हिशेब तो करतो, आणि तोही गाता गाता.

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. सूर कुठे आहे ते तिथे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. चौंडक्यात सूर कुठेच ठेवलेला नसतो. तो दर वेळी दंडातल्या स्नायूंतून घडवावा लागतो. गाताना आपण गळ्यातल्या स्वरतंतूंचा ताण न मोजता, न बघता बदलतो. चौंडकं वाजवणारा तेच काम दंडाने करतो. "गळा वर गेला की हात आपसूक जातोय" याचा अर्थ मला इथे उलगडला. त्यांच्या देहात दोन गळे होते. एक मानेत आणि एक काखेत.

झोक्याची फांदी

चौंडक्याचं धाकटं भावंड म्हणजे तुणतुणं. लग्नानंतर घरी गोंधळ घातला जातो तेव्हा कमरेला संबळ बांधलेल्या गोंधळ्याच्या शेजारी हे हमखास असतं. शाहिराच्या मागे असतं, तमाशाच्या फडात झीलकऱ्याच्या हातात असतं. घडण तीच: पोकळ नळकांडं, तळाला कातडं, कातड्यातून निघालेली तार. फरक इतकाच, की नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला एक काठी ठोकलेली असते आणि तार तिच्या टोकाशी खुंटीला बांधलेली असते. एकदा खुंटी पिळून सूर लावला की तो तिथेच राहतो. ओढणारी मूठ गेली, खुंटी आली.

या रचनेत एक खुबी आहे, आणि ती वीस-एकवीस वर्षांच्या एका तरुणाने हेरली होती. चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला होते आणि उरलेल्या वेळात कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये प्रयोग करत. प्रकाशावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं १९३० साली. त्याच्या एकवीस वर्षं आधी, १९०९ मध्ये, त्यांनी एक छोटा निबंध लिहिला होता. त्याचा विषय होता एकतारी. दारोदार फिरणाऱ्या माणसाच्या हातातलं वाद्य त्यांना भौतिकशास्त्राचा प्रश्न वाटलं.

प्रश्न असा. सतार, सारंगी, व्हायोलिन यांच्या तारा वाद्याच्या अंगावर आडव्या पसरलेल्या असतात आणि घोडीवरून जातात. तार हलली की घोडी हलते, घोडी हलली की खालची तबकडी हलते. तुणतुण्यासारख्या वाद्यात तार कातड्यावर उभी रोवलेली असते, जमिनीत खांब रोवावा तशी. ती डावी-उजवीकडे हलते, पण कातडं तर तिच्या तळाशी आहे. मग आडव्या हलण्याने खालचं कातडं वर-खाली कसं व्हावं?

उत्तरासाठी नागपंचमीला चला. लिंबाच्या फांदीला झोका बांधलाय, पोर उभी राहून झोके घेते आहे. नजर पोरीवर न ठेवता फांदीवर ठेवा. झोका पुढे जातो, मागे येतो, पण फांदी पुढे-मागे फारशी हलत नाही. ती वर-खाली होते. झोका मधल्या जागेवरून वेगाने जातो त्या क्षणी दोराला सर्वांत जास्त ओढ बसते आणि फांदी खाली लवते. पुढे जाताना एकदा, मागे येताना पुन्हा एकदा. म्हणजे झोक्याची एक फेरी पूर्ण होईतो फांदी दोनदा लवते.

तुणतुण्याच्या तारेचं असंच आहे, फक्त ओढीची जागा निराळी. तार मधोमध सरळ असते तेव्हा ओढ कमी. ती डावीकडे टोकाला गेली की किंचित लांबते, ताण वाढतो आणि कातड्याला वर हिसका बसतो. उजवीकडे टोकाला गेली की पुन्हा हिसका. तारेच्या एका फेरीत कातड्याला दोन हिसके. तार सेकंदाला शंभर फेऱ्या करत असेल तर कातडं दोनशेचा ठेका धरतं. म्हणून तारेच्या लांबी-ताणावरून जो सूर अपेक्षित असतो, त्याच्या एक सप्तक वरचा सूर अशा वाद्यात उठून येतो. एवढ्याशा नळकांड्यातून इतका टोकदार आवाज कसा, याचं निम्मं उत्तर या दोन हिसक्यांत आहे.

मी हे वाचल्यावर अंगणातल्या झोक्याकडे पुन्हा जाऊन पाहिलं. फांदी खरोखरच दोनदा लवत होती. इतकी वर्षं तिच्याखाली खेळून ते दिसलं नव्हतं.

तेच तुणतुणं

आपल्या भाषेने या वाद्याला फार चांगलं वागवलेलं नाही. कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला की आपण म्हणतो, याचं आपलं तेच तुणतुणं. वाद्य खरंच एकच सूर पुन्हा पुन्हा काढतं. पण का काढतं ते पाहण्यासारखं आहे.

तंबोऱ्याची तार छेडली की बराच वेळ गुंजत राहते. जाड लाकडी तबकडी तारेकडून जोर हळूहळू घेते, म्हणून आवाज सावकाश विरतो. तुणतुण्यात तारेचं टोक थेट कातड्यात आहे. कातडं हलकं, पातळ आणि चटकन हलणारं. तारेत असलेला जोर ते क्षणात घेतं आणि हवेला देऊन टाकतं. म्हणून आवाज ठसठशीत येतो आणि लगेच संपतो. पदरी काही राखून ठेवायचं हे या वाद्याला माहीत नाही. मग सूर टिकवायचा तर पुन्हा छेडावं लागतं, आणि पुन्हा, आणि पुन्हा. या पुन्हा-पुन्हा छेडण्यातूनच लय जन्माला येते. तंबोरा गायकाला सूर देतो, ताल दुसऱ्याने धरायचा असतो. तुणतुणं एकाच तारेत सूरही देतं आणि लयही. उघड्या माळावर, बत्तीच्या उजेडात, ध्वनिक्षेपकाशिवाय हजार माणसांपुढे उभ्या राहणाऱ्या शाहिराला नेमकं हेच हवं होतं: गर्दीतूनही ऐकू येईल असा षड्ज आणि पाय टेकायला लय.

झीलकरी हा षड्ज सोडत नाही म्हणून शाहिराला आवाज वर फेकता येतो, ओरडता येतं, हुंदका देता येतो, मधेच गाणं सोडून बोलता येतं. परत यायचं ठिकाण त्याला ऐकू येत असतं.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहातही हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो, नमस्कार करतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. पहाटे तीन वाजता देवळात दोघेच जागे असले तरी वीणेचा सूर चालू असतो. तिच्यावर कुणी राग वाजवत नाही. मोकळ्या तारांवरून बोट फिरत राहतं, एवढंच. सूर चालू आहे म्हणजे गाव जागं आहे.

शिरातून ओवलेली शीर

तुणतुणं कुठून आलं याची एक कथा गोंधळी सांगतात. बेटासुर नावाचा दैत्य उन्मत्त झाला होता. परशुरामाने त्याचा वध केला, त्याचं शिर कापलं आणि त्याच्याच शिरा त्या डोक्याच्या खोबणीतून ओवून एक वाद्य केलं. ते छेडत तो आपल्या आईपुढे, रेणुकेपुढे आला आणि तिला वंदन केलं. तो पहिला गोंधळ.

कथा ऐकताना अंगावर काटा येतो. पण तुणतुण्याची घडण समजून घेतल्यावर पुन्हा ऐकली तर दिसतं, की ती फार नेमकी आहे. पोकळ भांडं हवं, ते कवटीने दिलं. त्याला मधोमध भोक हवं, ते खोबणीने दिलं. ओवायला ताणता येईल असा तंतू हवा, तो शिरेने दिला. आणि तात म्हणजे मुळात जनावराच्या आतड्याचीच असते, कातडंही जनावराचंच. मेलेल्या देहातून आवाज उठवायचा आणि तो आईच्या चरणी ठेवायचा, हे कथेत आहे आणि वाद्यातही आहे. ज्याने ही कथा पहिल्यांदा रचली, त्याने कधीतरी असं वाद्य हाताने घडवलं असावं असं मला मनापासून वाटतं.

रेणुकेचं ते माहूर आमच्याच जिल्ह्यात, मुखेडच्या ईशान्येला. नैऋत्येला तुळजापूर. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई अशा दोन परंपरा आहेत, एक माहूरच्या रेणुकेची आणि दुसरी तुळजाभवानीची. मुखेड या दोन आयांच्या मधल्या प्रदेशात आहे. इथल्या घरात नवरात्र बसतं तेव्हा काही घरांची वाट एकीकडे जाते, काहींची दुसरीकडे, पण वाटेवर वाजणारा तंतू एकच असतो.

आणि ही वाट मराठीशी संपत नाही. मुखेडहून देगलूरकडे निघालं की थोड्याच वेळात तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही जवळ येतात. बाजारात मराठी, तेलुगू, कानडी, दखनी उर्दू आणि बंजाऱ्यांची गोरबोली कानावर पडते. कर्नाटकात सौंदत्तीच्या यल्लम्माचे भक्त जे काखेत धरून गातात, त्याला चौडिके म्हणतात. तेलंगणात यल्लम्माची कथा सांगणारे बैंडला कलावंत वाजवतात ते जमिडिका. यल्लम्मा म्हणजे रेणुकाच. आई एक, कथा एकमेकींत मिसळलेल्या, आणि तिच्यासाठी तीन भाषांनी निवडलेलं वाद्यही एकाच घडणीचं. आणखी दूर गेलं तर राजस्थानात मेवातच्या जोगींचा भपंग भेटतो आणि बंगालात बाउलांचा खमक. तिथेही तीच काख, तीच मूठ, तोच चढता-उतरता सूर. जगात तंतुवाद्यं पुष्कळ आहेत, पण ताण हाताने बदलत कातड्याला बोलतं करणारं हे कुटुंब आपल्या उपखंडात जितकं फळलं, तितकं दुसरीकडे क्वचितच.

कोणत्या खणात ठेवायचं?

भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले. तारेची ती तत, कातड्याने मढवलेली ती अवनद्ध, टाळ-झांजांसारखी ती घन आणि फुंकायची ती सुषिर. ही विभागणी इतकी पक्की ठरली, की १९१४ साली एरिख फॉन हॉर्नबॉस्टेल आणि कुर्ट साक्स या दोघांनी साऱ्या जगाच्या वाद्यांसाठी जी वर्गवारी केली, तिच्या तळाशीही असेच चार खण आहेत. त्यांच्या आधी ब्रसेल्समध्ये व्हिक्टर माहियों यांनी चार वर्गांची मांडणी केली होती, आणि त्यांच्या संग्रहात कोलकात्याच्या शौरींद्रमोहन टागोरांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला पाठवलेल्या भारतीय वाद्यांचा मोठा संच होता.

आता सांगा, चौंडकं कोणत्या खणात? तार आहे म्हणून तत म्हणावं, तर आवाज कातड्याचा. अवनद्ध म्हणावं, तर कातड्याला कुणी हातही लावत नाही. हॉर्नबॉस्टेल आणि साक्स यांनी त्याला कातड्याच्या वाद्यांत घातलं आणि तिथे 'छेडायचे ढोल' असा एक स्वतंत्र उपवर्ग काढून त्याला २२ हा क्रमांक दिला. पुढे केंब्रिजचे लॉरेन्स पिकेन आणि त्यांचे सहकारी यांनी बंगालच्या खमकाचा बारकाईने अभ्यास केला आणि मांडलं, की सूर ठरवते ती तारच, तेव्हा याला तंतुवाद्यच म्हटलं पाहिजे.

मला यातली दुसरी बाजू पटते, आणि त्याचं कारण पुन्हा रामन यांच्याकडेच सापडतं. साध्या ढोलाच्या कातड्यावर ठोका मारला की मूळ कंपनाबरोबर आणखी कंपनं उठतात. त्यांची पट १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी असते. ती एकमेकांत बसत नाहीत, म्हणून ढोलातून दणका येतो पण नेमका सूर येत नाही. तारेची कंपनं मात्र दुप्पट, तिप्पट, चौपट अशी रांगेत उभी राहतात, म्हणून ती सुरेल लागते. पखवाज आणि तबल्यात शाई लावून कातड्याची ही वेडीवाकडी कंपनं रांगेत आणली गेली आहेत, हे रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं. म्हणजे कातड्याला सुरात आणायच्या दोन वाटा आपल्याकडे सापडल्या. एक शाईची, थर देऊन, घोटून, वर्षानुवर्षांच्या कसबाने साधायची. दुसरी चौंडक्याची: कातड्याच्या मधोमध एक तंतू रोवायचा आणि त्याच्या हाती लगाम द्यायचा.

या प्रश्नाचा विचार करताना माझं मन राहून राहून देवगिरीला जातं. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादव राजा सिंघणाच्या काळात, तिथे शार्ङ्गदेव राहत होता. घराणं मूळ काश्मीरचं, काम दरबारातल्या हिशेबाचं. त्याने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, दोन्ही संगीतपरंपरा आपला मानतात. सात अध्यायांच्या त्या ग्रंथातला सहावा अख्खा अध्याय वाद्यांना दिलेला आहे, आणि तिथे वीणांची ओळख सुरू होते ती एकतंत्रीपासून. एका तारेच्या वीणेला त्याने अग्रमान दिला.

शार्ङ्गदेवही हिशेबनीस आणि रामनही अर्थखात्यातले अधिकारी. मधे सातशे वर्षं. दोघांच्याही टेबलावर दिवसभर आकडे, आणि दोघांनाही एका तारेत एवढं मोठं काहीतरी दिसलं. त्यांतला पहिला आपल्या मराठवाड्याच्या मातीत बसून लिहीत होता.

कागदी कप आणि काडी

आराधीबाबांचं चौंडकं सगळ्यांना मिळणार नाही. पण ते पाच मिनिटांत घरी करता येतं. चहाचा कागदी कप घ्या. तळाला मधोमध सुईने भोक पाडा. त्यातून हातभर जाड दोरा ओवा आणि बाहेरच्या बाजूला त्याच्या टोकाला काडेपेटीच्या काडीचा तुकडा बांधा, म्हणजे दोरा निसटणार नाही. कप काखेत दाबा, तळ पाठीकडे आणि तोंड पुढे. दोऱ्याचं मोकळं टोक त्याच हाताच्या मुठीत ताणून धरा. दुसऱ्या हाताच्या बोटाने छेडा.

सुरुवातीला टपटप असा कोरडा आवाज येईल. ओढ जरा वाढवा. मग छेडल्या छेडल्या मूठ किंचित सैल करा, पुन्हा आवळा. कप बोलू लागेल. मी हे शेजारच्या लेकरांना करून दिलं. त्यांतल्या सर्वांत लहानीने काही न सांगता एक गोष्ट केली. कपाचा सूर वर गेला तसा तिने स्वतःचा आवाजही वर नेला, आणि तो खाली आला तसा खाली. हाताने गळ्याला ओढलं की गळ्याने हाताला, ते सांगता येईना.

पावसाळ्यात हाच कप सादळला की बसक्या आवाजात बोलतो. कातड्याचंही तसंच होतं. दमट हवेत ते फुगतं, सैल पडतं. म्हणून हलगीवाले वाजवण्याआधी हलगी जाळावर धरून शेकतात, आणि तुणतुणंवाला खुंटी पुन्हा पिळतो. चौंडकं वाजवणाऱ्याला मात्र यातलं काही करावं लागत नाही. कातडं सैल झालं की तो थोडी जास्त ओढ धरतो आणि गात राहतो. हवा बदलली, रात्र चढली, गाणाऱ्याचा आवाज बसला आणि पट्टी खाली आली, तरी त्याची मूठ त्या सगळ्यांबरोबर सरकत जाते. जो सूर कुठेच ठेवलेला नाही, तो कुठेही नेता येतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपल्याकडे म्हणतात. ताणाचा नियम, झोक्याची फांदी, कातड्याची वेडीवाकडी कंपनं हे सगळं मी पुस्तकांतून गोळा करत हिंडलो, आणि ते सगळं त्या रात्री ओसरीवर एका काखेत होतं. बाबांनी ते कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी मला फक्त ते हातात धरू दिलं होतं.

पुढच्या नवरात्रात तुमच्या गल्लीत मेळा आला, तर सगळे पाहतात तो छेडणारा उजवा हात पाहू नका. डाव्या मुठीकडे पाहा. पोताच्या उजेडात ती फारशी दिसणार नाही, कारण ती हलते एखाद्या बोटाएवढीच. पण गाणारा वर जाईल, तेव्हा आवाज फुटायच्या किंचित आधी ती आवळली जाईल. सूर तिथे तयार झालेला असेल, आणि तुमच्या कानावर यायला अजून एक क्षण बाकी असेल.